दसऱ्याआधीचा वर्ग

पाटी बगलेत मारा आणि खाली बसा. बाक नाहीत. सारवलेली जमीन आहे आणि पोरांच्या दोन रांगा. पोरींची रांग शोधू नका, ती नाही. साल 1937, महिना फेब्रुवारीचा. तुम्ही नऊ वर्षांचे आहात आणि सरकारी कागदावर ज्याला मोमिनाबाद म्हणतात त्या गावात राहता. घरी आजी त्याला अंबाजोगाईच म्हणते. शाळेतलं साल फसली सनाचं आहे, 1346. आठवड्याची सुट्टी शुक्रवारी. गुरुजी मराठी मुळाक्षरं गिरवून घेतात खरे, पण पुढं शिकायचं तर उर्दूवाचून गत्यंतर नाही, हे तुमच्या वडलांना ठाऊक आहे आणि एव्हाना तुम्हालाही.

आज पाढे नाहीत, आज सण आहे. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांना गादीवर येऊन 25 वर्षं झाली, त्याचा रौप्यमहोत्सव. तो खरं तर आदल्याच वर्षी व्हायचा, पण तिकडं लंडनला पाचवे जॉर्ज वारले आणि इकडं बीड जिल्ह्यातल्या लेकरांचा खाऊ पुढं ढकलला गेला. गुरुजी तुमची टोपी सरळ करतात, हनुवटी वर धरायला सांगतात. हुजूरांच्या दीर्घायुष्यासाठी प्रार्थना होते. शब्द पाठ आहेत, अर्थ अर्धामुर्धा. मग हातावर चिमूटभर खडीसाखर, आणि शाळा सुटली.

बस, एवढंच. राजाचा दिवस आहे, लेकरानं फक्त उभं राहायचं आहे. त्याच्या हातानं काही घडावं, अशी कुणाची अपेक्षाच नाही.

याच गावात योगेश्वरी शाळा आहे आणि तिथं स्वामी रामानंद तीर्थ शिकवतात, हे तुमच्या कानावर आलेलं असेल. तिथलं वारं वेगळं आहे. पण बाहेर चार माणसं जमवून सभा घ्यायची तरी सरकारची परवानगी लागते. ‘गश्ती निशान 53’ हे नाव मोठी माणसं आवाज खाली करून घेतात. तुम्ही खडीसाखर चघळत घरी जा. या वर्गात थांबण्यासारखं फारसं काही नाही.

तेरा वर्षं पुढं या, त्याच घरातला धाकटा पोर होऊन. 26 जानेवारी 1950. पहाटेची थंडी, अंगात भावाचा सदरा, हातात कागदाचा झेंडा. हा तुम्ही स्वतः केलाय: पांढऱ्या कागदावर हळदीत काही तरी मिसळून आणलेला केशरी, पाल्याचा हिरवा, आणि चक्राच्या जागी शाईचा गोळा. ज्वारीच्या पिठाची खळ करून काडीला चिकटवलाय. प्रभातफेरी वेशीपासून मारुतीच्या पारापर्यंत जाते, आणि तुम्ही घसा बसेस्तोवर ओरडता, कारण आज ओरडायला परवानगी आहे. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, त्याला अजून दीड वर्षही झालेलं नाही. गंमत बघा: ज्यांच्यासाठी तुमच्या थोरल्या भावानं प्रार्थना म्हटली, ते निजाम आजपासून याच हैदराबाद राज्याचे राजप्रमुख आहेत. फेरीतल्या कुणालाच त्याचं सोयरसुतक नाही. झेंडा फाटू नये, एवढीच चिंता.

आता मोठी उडी घ्या. 1972.

शाळा आता जिल्हा परिषदेची आहे. 1962 पासून प्राथमिक शाळा तिच्याकडं आल्या. आष्टी-पाटोद्याकडचं एखादं गाव समजा, डोंगराच्या कुशीतलं, पावसाच्या पाठीमागं पडलेलं. पोळा उद्यावर आलाय. दरवर्षी आजच्या दिवशी गुरुजी सगळ्यांना ओढ्यावर नेतात, चिकण माती काढतात आणि दिवसभर बैल करायला बसवतात. यंदा ओढा कोरडा. मातीला ढेकळं आहेत, पण मळायला पाणी कुठून आणायचं? विहिरीवर हंड्यांची रांग लागलीय. एक पोरगा घरून तांब्या घेऊन येतो, तर त्याची आई मागून पळत येऊन तो परत घेऊन जाते. गुरुजी काही बोलत नाहीत. ते पुठ्ठे आणि कात्री काढतात. यंदा बैल पुठ्ठ्याचे.

तुमचा बैल चांगला उतरलाय. पण खरे बैल गोठ्यात नाहीत, त्याचं काय? चारा नाही म्हणून अनेकांनी बाजारात सोडले, मिळेल त्या भावानं. आई-बाप खडी फोडायला गेलेत. दुपारी सुकडी मिळते, गोडसर, कोरडी, घशात अडकणारी. घरी रेशनची लाल मिलो ज्वारी शिजते. या वर्षाची आठवण पुढं अख्ख्या मराठवाड्याला ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हणून राहील आणि म्हातारी माणसं आपलं वय त्याच्यावरून मोजतील.

या दुष्काळानं शाळेचंही एक गणित कायमचं बदललं. कोरडवाहू रान, बेभरवशाचा पाऊस आणि पश्चिम महाराष्ट्रात उभे राहिलेले सहकारी साखर कारखाने. ऊस तिकडं, हात इकडं. आधीही काही माणसं तोडीला जात होती. बहात्तरनंतर गावंच्या गावं जायला लागली. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि दसरा-दिवाळी झाली की बिऱ्हाड पाठीवर टाकायचं. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’. लेकरू कोयत्यात मोजत नाहीत, पण ते बरोबर असतं.

तुम्हीही आता बरोबर आहात.

26 जानेवारी 1999. या खेपेला तुम्ही मुलगी आहात, नऊ वर्षांची, चौथीतली. निदान दिवाळीपर्यंत चौथीत होता. ठिकाण कोल्हापूरकडचं. पहाटे चारला आई-बाप फडात उतरले, तुम्ही पाचटाच्या कोपीत धाकट्याला सांभाळलं, उजाडल्यावर त्याला कडेवर घेऊन फडाच्या कडेला आलात. वाढं गोळा करायची, पेंढ्या बांधायच्या, दूधवाल्यांना विकायच्या. उसाची पानं हाताला कापतात. बारीक चरे पडतात, रक्त येत नाही, पण हात धुतला की झोंबतं.

रस्त्यानं लेझमाचा आवाज येतो. इथल्या शाळेची प्रभातफेरी. पांढरे सदरे, निळ्या चड्ड्या, पुढं ढोल, मागं बाई. तुमच्याच वयाची पोरं. एकजण झेंडा उंच धरून ‘भारत माता की’ म्हणतो आणि सवयीनं तुमच्या तोंडून ‘जय’ निघून जातं. मोठ्यानं. रांगेतली दोन-चार पोरं वळून बघतात. एक हसतो, वाईट हेतूनं नाही. आई उसातून ओरडते, “अगं, बारकं रडायलंय, तिकडं काय बघायलीस?”

रांग वळणावरून पुढं जाते. तुमच्या गावातही आत्ता फेरी निघाली असेल. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये गुरुजींनी तुम्हाला घोषणा द्यायला पुढं उभं केलं होतं, आवाज खणखणीत आहे म्हणून. 15 ऑगस्टला तुम्ही होता, 26 जानेवारीला नाही. ऊसतोडीवर गेलेल्या लेकराला या दोनांतलं एकच झेंडावंदन मिळतं, हे लक्षात यायला मला बराच काळ लागला. मराठवाड्यात निदान 17 सप्टेंबरचं आणखी एक आहे, तेवढीच भर.

या लेकरांचा कुणी विचार केला नाही असं नाही. 2000 च्या सुमारास ‘जनार्थ’सारख्या संस्थेनं कारखान्यांच्या तळांवर साखर शाळा चालवल्या. पुढं शिक्षण हक्क कायदा आला, 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि लेकरू जिथं जाईल तिथल्या नेहमीच्या शाळेत बसलं पाहिजे, असा आग्रह धरला गेला. गावातून निघताना हातात शिक्षण हमी पत्रक द्यायचं, तिथल्या शाळेनं ते बघून बसवून घ्यायचं. कागदावर उत्तम. पण टोळी पंधरा दिवसांनी दुसऱ्या फडावर हलते, शाळा तीन किलोमीटर लांब, आणि धाकट्याला कोण बघणार? दुसरा उपाय हंगामी वसतिगृहाचा: लेकरू गावातच आजी-आजोबांकडं राहील, दोन वेळचं जेवण शाळेत मिळेल. हा उपाय मला जास्त खरा वाटतो. बीडमध्ये त्यानं बरीच लेकरं गावात थांबली.

आता आजच्या वर्गात या. सप्टेंबरचा पहिला पंधरवडा, पोळ्याच्या आसपासचे दिवस. शनिवार आहे. 2024 पासून शासनानं त्याला ‘आनंददायी शनिवार’ असं नाव दिलंय. दप्तर घरी. फरशीवर रंगवलेले अंक आणि मुळाक्षरं आहेत. 2015 नंतर ज्ञानरचनावादाची लाट आली तेव्हा शिक्षकांनी स्वतः गुडघ्यांवर बसून ती रंगवली, आता कडांना उडालीत. फळ्याच्या कोपऱ्यात तारीख, वार, पट, हजर. पट आणि हजर जवळपास सारखे. हे आकडे नीट बघून ठेवा.

मधोमध प्लॅस्टिकच्या घमेल्यात काळी माती. मॅडमनी काल चाळून भिजत घातली होती. नुसती काळी माती वाळताना तडकते, म्हणून तिच्यात पिंजलेला कापूस मळायचा. कापूस कुणी आणला? गेवराईकडच्या मामाकडून आलेल्या पोरानं, पिशवीभर. पायांसाठी तुराटीच्या काड्या, डोळ्यांना ज्वारीचे दाणे, झुलीसाठी शिंप्याकडची चिंध्यांची थैली. तुम्ही एक गोळा उचलता. गार आहे, जड आहे, नखात जातो.

पोट आधी करायचं, पाय मग. पाय आधी रोवले की पोट चिकटवताना ते फाकतात आणि बैल बसतो. वशिंड करायला सगळ्यांनाच आवडतं, म्हणून सगळ्यांचंच मोठं होतं, आणि मग बैल तोंडावर पडतो. मॅडमना हे माहीत नसतं, त्या शहरातल्या आहेत. हे सांगतो तो तिसऱ्या रांगेतला, जो गणितात मागं आहे. “मॅडम, शेपटाकडं वजन वाढवा की.” मॅडम वाढवतात. बैल उभा राहतो. त्या पोराच्या तोंडावरचा भाव बघून घ्या. त्याला असा दिवस वर्षातून फार वेळा मिळत नाही.

तुमच्या शेजारी बसलेली पोरगी बैल करून थांबत नाही. ती गाडी करतेय. लाकडी चाकांची नव्हे, टायरची: दोन जाड चकत्या, मधे काडीचा आस, वर काड्यांचा भारा. मोळ्या दोऱ्यानं बांधल्यात, आणि गाठ खरीखुरी आहे. “काय करायलीस गं?” तुम्ही विचारता. “उसाची गाडी. आमची अशीच हाय.” मग ती बैलाच्या मानेखाली बोटानं खळगा करते. “इथं जू घासतं. इथं केस नसतेत.”

परिपाठात दिनविशेष सांगणं, पंचमीला मेंदीची नक्षी कागदावर उतरवणं, आषाढीला पताका घेऊन वर्गाची दिंडी, राखीपौर्णिमेला रुईच्या कापसाच्या राख्या, 15 ऑगस्टची कवायत: जून ते सप्टेंबर हा काळ असाच भरलेला असतो. मग 17 सप्टेंबर येतो, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, उर्वरित महाराष्ट्रात ज्याचं कुणाला फारसं काही नसतं आणि इथं ज्याच्यासाठी सकाळी साडेसातला इस्त्रीचे सदरे निघतात. वर्ग भरलेला आहे. पालक गावातच आहेत. सोयाबीन अजून शेंगेत भरतंय, त्यामुळं आईलाही तासभर शाळेत डोकावता येतं.

दसरा होतो. दिवाळी होते. रस्त्यावर ट्रॅक्टर लागतात, ट्रॉलीत गाद्या, पत्रे, कोंबड्यांची खुराडी, शेळ्या. ज्या पोरीनं टायरगाडी केली ती ट्रॉलीत बसलीय. वसतिगृहाचं नाव तिच्या घरी निघालं होतं, पण तिला ठेवून घ्यायला आजी नाही.

आणि आता शाळेचा खरा उत्सवाचा मोसम सुरू होतो! बालदिन दिवाळीच्या सुट्टीला लागूनच. 3 जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती. चौथीतली पोरगी आजीचं लुगडं नेसून, आडवी चिरी लावून, छातीशी पुस्तकं धरून चालते. तिच्यावर शेण म्हणून कागदाचे बोळे फेकायला पोरांत चढाओढ लागते, एवढी की एका बोळ्यानं मुख्याध्यापकांचा चष्मा पडतो. मग बाल आनंद मेळावा. टेबलं मांडून लेकरं भेळ, शेंगदाण्याचे लाडू, बोरं, चहा विकतात. व्यवहारज्ञान हा हेतू. प्रत्यक्षात एका दुकानदारानं निम्मी भेळ स्वतःच खाल्लीय आणि हिशेब जुळवताना तो बोटं मोजतोय. अंबाजोगाई-परळीकडं येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, शेतात वनभोजन. केंद्राच्या क्रीडा स्पर्धा. स्नेहसंमेलन. 26 जानेवारी. सगळं काही नोव्हेंबर ते फेब्रुवारीत.

फळ्याकडं बघा. पट तोच आहे. हजर खाली आलाय.

स्नेहसंमेलनाच्या रात्री तुम्ही मैदानात बसा. हंगामी वसतिगृहातली एक मुलगी लावणीच्या ठेक्यावर नाचते, छान नाचते. टाळ्या वाजवायला तिची आजी आहे, आणि आजीला रात्री नीट दिसत नाही. सर मोबाइलवर चित्रण करून पाठवतात. तिकडं फडावर गाडी भरणं चालू असेल, तर आई ते उद्या बघेल. म्हणजे लेकरू गावात थांबलं तरी बघणारं माणूस थांबत नाही. वसतिगृहानं भाकरीचा प्रश्न सुटला. पुढच्या रांगेतल्या रिकाम्या सतरंजीचा सुटला नाही.

हे सगळं हिवाळ्यातच का? कारण विचारलं तर कुणाकडं नाही. हवा कोरडी असते, मंडप भिजत नाही, पहिलं सत्र संपलेलं असतं, आणि सगळीकडं तेव्हाच करतात. पुण्या-मुंबईच्या शाळांना ते सोयीचंही आहे. तिथली लेकरं जानेवारीत जागेवरच असतात. बीडनं ते वेळापत्रक जसंच्या तसं उचललं. ज्या जिल्ह्यातली गावं दिवाळीनंतर अर्धी रिकामी होतात, त्या जिल्ह्यात वर्षाचा सगळ्यात मोठा कार्यक्रम जानेवारीत ठेवणं हा मला साधा वेंधळेपणा वाटतो. कुणाचा वाईट हेतू नाही, पण चूक ती चूक.

अडचणी सांगितल्या जातील. सप्टेंबरात पाऊस असतो. असू द्या, व्हरांडा आहे, समाजमंदिर आहे, आणि इथला पाऊस तसाही बोलावल्याशिवाय येत नाही. ऑक्टोबरात सत्र परीक्षा असते. म्हणून तर 17 सप्टेंबरच्या आठवड्यात घ्या, झेंडावंदनाला पालक आलेलेच असतात. आनंद मेळाव्याला बोरं नसतील. पण ओल्या शेंगा असतील, मक्याची कणसं असतील, आणि थोडं पुढं सरकलात तर धारूरच्या डोंगरातली सीताफळं असतील, ज्यांना बीडच्या नावानं भौगोलिक मानांकन मिळालंय. दहा रुपयांचं सीताफळ विकताना शिकलेला हिशेब भेळेपेक्षा काही कमी पक्का नसतो. सावित्रीबाईंची जयंती आणि प्रजासत्ताक दिन हलवता येणार नाहीत, ते आहेत तिथंच राहतील. स्नेहसंमेलन, मेळावा आणि हस्तकलेचं प्रदर्शन मात्र कोणत्याही तारखेला बांधलेले नाहीत.

यासाठी मंत्रालयाकडं बघायचीही गरज नाही. शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला. बीडच्या गावांत त्यातले बरेच जण स्वतःच कोयता धरणारे आहेत. जानेवारीच्या सभेला ते नसतात, जुलैच्या सभेला असतात. तेव्हा गुरुजी, मॅडम, समितीचे अध्यक्ष: यंदा जुलैच्या सभेत विषयपत्रिकेवर एक ओळ वाढवा, स्नेहसंमेलन दसऱ्याआधी घ्यावं की नाही. आणि हात वर करायला त्या टायरगाडीवाल्या पोरीच्या आईला आठवणीनं बोलवा.